पुण्याच्या मालकांचा ब्लॅकबर्न रोव्हर्स: २०१७-१८ चा तिसऱ्या श्रेणीतला मोसम – शिक्षा की औषध?

टाचेचा_पास

इंग्लिश फुटबॉलवर इथे जे धागे निघतात ते लिव्हरपूल, आर्सेनल आणि मँचेस्टरच्या दोन भावकींचे. ज्या क्लबचे मालक २०१० पासून आपल्या पुण्यात बसलेत, त्याच्यावर चार ओळीही सापडल्या नाहीत. म्हणून हा उद्योग.

ब्लॅकबर्न रोव्हर्स. स्थापना १८७५. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांपैकी एक. एफए कप सहा वेळा. लीगचं अजिंक्यपद १९१२, १९१४ आणि मग थेट १९९५, म्हणजे स्ट्रायकर ॲलन शिअररवालं. नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजवाल्यांनी २.३ कोटी पौंडांना क्लब घेतला. पुढच्याच महिन्यात प्रशिक्षक सॅम अलार्डाइसला नारळ दिला, स्टीव्ह कीनला बसवलं. २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, लीग वनमध्ये. प्रीमियर लीग जिंकलेला संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ.

इथपर्यंतची रड बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल. ४६ सामने, २८ विजय, १२ बरोबरी, फक्त ६ पराभव, ९६ गुण, दुसरा नंबर आणि थेट बढती. पुण्याच्या मालकीतलं ते सगळ्यात चांगलं वर्ष, आणि ते खाली पडल्यामुळेच मिळालं, असं माझं मत आहे. सात वर्षांचा साचलेला गाळ त्या एका वर्षात निघाला. वर राहिले असते तर आजही तळाशी धडपडत बसले असते.

पटतंय का? नसेल पटत तर का नाही, तेही लिहा.

ऑफसाईड_अण्णा

जागा पकडून ठेवतो. किक येईल आता, तो वेंकीज म्हटलं की पेटतो.

कोपऱ्यावरची_किक

आलोच.

औषध कसलं? डोकं फोडून घ्यायचं आणि टाके छान पडले म्हणून डॉक्टरचं कौतुक करायचं. ज्यांच्यामुळे क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला तेच मालक, तेच निर्णय. एका वर्षात परत आले त्याचं श्रेय टोनी मोब्रे या प्रशिक्षकाला द्या, पडझडीला नका देऊ. तो फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. त्याच्याआधी ओवेन कॉइलच्या हाती अर्ध्याहून जास्त मोसम घालवला होता. मोब्रे महिनाभर आधी आला असता तर ही वेळच आली नसती. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला त्यांच्या मैदानावर ३-१ हरवलं, तरी खाली गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण तेवढेच, ५१. फरक कशाचा? गोलफरकाचा, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले. फॉरेस्ट उणे १०, रोव्हर्स उणे १२. दोन गोल, साहेब.

नवखा

माफ करा, पण लीग वन तिसरी श्रेणी कशी काय? वन म्हणजे पहिली ना? आणि हे वर-खाली जाणं नेमकं कसं असतं? आयपीएल बघून मोठा झालोय, तिथे शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी नवी जर्सी घालून हजर.

आकडेबहाद्दर

@नवखा, नावाने फसू नका, सगळेच फसतात. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघ. तिच्याखाली चॅम्पियनशिप, तिच्याखाली लीग वन, तिच्याखाली लीग टू. या तिन्हींत प्रत्येकी २४ संघ, म्हणून प्रत्येकाचे ४६ सामने. ऑगस्ट ते मे, शनिवार आणि मधूनमधून मंगळवारी रात्री. लीग वनमधून पहिले दोन थेट वर जातात, पुढच्या चौघांत प्ले-ऑफ होऊन तिसरा ठरतो. शेवटचे चार खाली. लीग टूच्याही खाली नॅशनल लीग, आणि तिच्याखाली गावोगावचे शेकडो क्लब. तुमच्या गल्लीचा संघ कागदोपत्री तरी प्रीमियर लीगपर्यंत जाऊ शकतो, आणि प्रीमियर लीगचा संघ तुमच्या गल्लीपर्यंत येऊ शकतो.

पैशाचा फरक फार मोठा. प्रीमियर लीगमधून पडलात की काही वर्षं टीव्हीच्या पैशातला हिस्सा मिळत राहतो, त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. रोव्हर्सला तो चार वर्षं मिळाला, २०१६ ला संपला, आणि २०१७ ला ते पडले. हा योगायोग नाही. तो आधार असतानाच परत वर जायचं असतं. यांनी ती चार वर्षं घालवली. २०१२ मध्ये जॉर्डन ऱ्होड्सला ८० लाख पौंडांना आणलं, त्याने गोलही ढिगाने केले. पण मधल्या काळात खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून खेळाडू विकत घ्यायला बंदी आली, आणि २०१६ च्या सुरुवातीला ऱ्होड्सही विकावा लागला.

अंडाकरी

एक निरीक्षण नोंदवतो. प्रीमियर लीगमधून पडले ती तारीख ७ मे २०१२. चॅम्पियनशिपमधून पडले ती तारीख ७ मे २०१७. पहिल्या दिवशी सोमवार, दुसऱ्या दिवशी रविवार.

संडे हो या मंडे...

ऑफसाईड_अण्णा

😂😂 धागा संपला. कुलूप लावा.

मँचेस्टरची_मावशी

अंडाकरी, तुम्हाला साष्टांग दंडवत!

मी मँचेस्टरला राहते. नवरा युनायटेडचा, त्याच्यावर चिडून मी २०१७ मध्ये रोव्हर्सला जायला लागले. व्हिक्टोरियाहून गाडी धरायची, बोल्टन, डार्वेन करत ब्लॅकबर्न. ओल्ड ट्रॅफर्डच्या एका तिकिटात इथे दोन-तीन सामने होतात, आणि ऐनवेळी गेलं तरी तिकीट मिळतं. रोव्हर्सच्या मैदानाची, इवुड पार्कची क्षमता ३१ हजारांवर, त्या वर्षी येणारे सरासरी तेराएक हजार. म्हणजे अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. पण जे येत होते ते ओरडायला येत होते, शिव्या द्यायला नाही, हा मोठा बदल होता म्हणे. शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबा सांगायचे, आदल्या वर्षी लोक अठराव्या मिनिटाला आत यायचे आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचे. मालकांचा निषेध. क्लबची स्थापना १८७५ ची, म्हणून १८ आणि ७५. मला ही कल्पना फार आवडली. आपल्याकडे मोर्चात इतका हिशेब कोण ठेवतो?

मी पुण्याची आहे हे मात्र त्या आजोबांना दोन महिने सांगितलं नाही. 'फ्रॉम इंडिया' म्हणून वेळ मारून नेली. 😄

सुरुवात भयंकर झाली होती. पहिला सामना साउथएंडला हरले २-१. दुसरा घरच्या मैदानावर डॉन्कास्टरशी, तोही हरले ३-१. बाहेर पडताना लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. अजून एक पायरी खाली जाणार की काय, हीच चर्चा.

टाचेचा_पास

मावशी, वा! हेच हवं होतं. डॅकला बघितलंत का मग?

मँचेस्टरची_मावशी

बघितलं म्हणजे काय, त्याच्यासाठीच तर जायचे! ब्रॅडली डॅक. जिलिंगहॅमकडून साडेसात लाख पौंडांना आणलेला. दिसायला दणकट, अंगाने जरा भरलेला, सुरुवातीला बाकावरच असायचा. मग असा सुटला की विचारू नका. स्ट्रायकरच्या मागे रेंगाळायचा आणि बरोबर नको तिथे जाऊन उभा राहायचा. म्हणजे बचाववाल्यांना नको तिथे. लीगमध्ये १८ गोल, आणि लीग वनचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पुढे दोन वेळा गुडघ्यानेच घात केला त्याचा.

गिरणगावकर

जरा अवांतर चालेल का? ब्लॅकबर्न म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. मँचेस्टर आणि लँकेशायरचं कापड आपल्याकडे यायचं ते याच पट्ट्यातून. ज्या डार्वेनचा उल्लेख मावशींनी केला तिथे १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी गेले होते. इकडच्या परदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे तिकडे गिरण्या बंद पडत होत्या आणि ते थेट त्या कामगारांनाच भेटायला गेले. कामगारांनी त्यांचं हसून स्वागत केलं, ते फोटो प्रसिद्ध आहेत. इवुड पार्कच्या एका बाजूच्या स्टँडचं नाव अजून डार्वेन एंड आहे.

पुढे साठच्या दशकात त्याच गिरण्यांत काम करायला भरूच-सुरतकडची गुजराती मुसलमान कुटुंबं आणि पाकिस्तानातली माणसं आली. आज ब्लॅकबर्नमध्ये दर तिघांत एकाहून जास्त मुसलमान आहेत. त्यामुळे 'भारतीयांनी इंग्रजांचा क्लब घेतला' ही बातमी जितकी सरळ वाटते तितकी तिथे सरळ नव्हती. भारतातून आलेली माणसं तिथे दोन पिढ्या आधीच राहत होती. मालक मात्र दिसत नव्हते, तक्रार ती आहे.

गिरणीमालकाने गावाला क्लब द्यायचा हेही तिथलं जुनं. १९९५ चं अजिंक्यपद आलं ते जॅक वॉकरच्या पैशाने. तो पोलादाच्या धंद्यात गबर झालेला, पण गावातला, लहानपणापासून त्याच क्लबचा वेडा. त्याने प्रशिक्षक म्हणून केनी डलग्लिशला आणलं, शिअररला आणलं. २००० साली तो गेला, आणि त्याच्या ट्रस्टकडून क्लब पुण्याला आला. दोन्ही मालक श्रीमंत, दोघांनीही खिशातून ओतलं. एकाचा पुतळा उभा राहिला, दुसऱ्यांच्या नावाने मैदानात कोंबडी सोडली.

नवखा

कोंबडी??

अंडाकरी

हो. तोच ७ मे २०१२ चा सोमवार. विगनविरुद्ध घरच्या मैदानावर सामना, पाऊस, आणि कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. विगनने १-० ने जिंकून रोव्हर्सना प्रीमियर लीगमधून घालवलं. कोंबडी धरताना जी तारांबळ उडाली, तेवढी रोव्हर्सच्या फॉरवर्डांनी सामनाभर उडवली नाही.

कोपऱ्यावरची_किक

आणि त्या आधी ती जाहिरात विसरलात का? ड्रेसिंग रूममध्ये सगळे खेळाडू जर्सी घालून चिकनच्या तंगड्या चघळतायत. मॅचच्या आधी! आमच्या शाळेचे पीटीचे सर असते तर सगळ्यांना मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

तालमीचा_गडी

आमच्या कोल्हापुरात असलं काय झालं असतं तर मालकाला शाहू स्टेडियमवर यायची सोय राहिली नसती बघा. इथं पाटाकडील हरलं तर दोन दिवस पेठेत चहा गोड लागत न्हाई. आणि मालक म्हणून कोण नसतोच, तालीमच मालक. वर्गणी काढायची, पोरं खेळवायची. म्हणून मला ते अठराव्या मिनिटाला आत जायचं काय पटलं न्हाई. आपला संघ खेळतोय आणि आपण भाईर उभं राहायचं? जमणार न्हाई गड्या.

कोपऱ्यावरची_किक

@तालमीचा_गडी, तुमच्याकडे तालीम विकता येत नाही ना, म्हणून. तिथे कंपनी आहे. शेअर ज्याच्याकडे त्याचा क्लब. लोकांच्या हातात एवढंच उरतं की खुर्ची रिकामी ठेवायची.

तालमीचा_गडी

ते बी खरंच.

गोंयचो_गोली

मूळ धाग्याला आमच्याकडचं उदाहरण जोडतो. गोव्याचा धेंपो क्लब. पाच वेळा देशाचा चॅम्पियन. २०१५ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून, खाली गेला. पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून परत वर. अगदी तुमच्या ब्लॅकबर्नसारखं. पण मग काय झालं? २०१६ मध्ये आयएसएलला वरची लीग करायची आणि तिथे खाली-वर काही नाही, पैसे भरा नि या, असा घाट घातला गेला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, मागोमाग धेंपोही. जिंकून मिळवलेली जागा सोडून दिली. कशासाठी खेळायचं रे, वरचा दरवाजाच बंद तर?

तेव्हा औषध की शिक्षा हा प्रश्न जिथे शिडी शाबूत आहे तिथेच विचारता येतो.

पेठेतला_पंच

गोलीबाब, +१००.

पुण्याचंही तेच. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, चांगला खेळायचा, २०१५ मध्ये बंद. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये गुंडाळला, त्याची जागा हैदराबादला गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नचा संघ बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळायला आला होता, ३-० जिंकला. तेव्हा आम्हाला वाटलं, आता पुण्यात फुटबॉलचं काहीतरी होणार. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या दोन संघांपैकी पुण्याचा राहिला नाही, पुणेकर मालकांचा राहिला.

ऑफसाईड_अण्णा

पंचांनी हळूच लाल कार्ड काढलं.

आकडेबहाद्दर

मूळ विषयाकडे येतो. धागाकर्त्यांनी ९६ गुण लिहिले पण ते किती मोठे ते लिहिलं नाही. त्या वर्षी विगन ९८ गुणांनी पहिला, रोव्हर्स ९६, तिसरा श्रूजबरी ८७. तिसऱ्याला ८७! बऱ्याच वर्षी ८७ गुणांत थेट बढती मिळते. श्रूजबरी प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात रॉदरहॅमकडून हरला आणि खालीच राहिला. तेव्हा 'खालच्या श्रेणीत कोणीही जिंकेल' असं समजू नका.

विगन म्हणजे तोच, २०१२ च्या कोंबडीवाला. त्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये तिसऱ्या श्रेणीत असताना एफए कपात गार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीला १-० हरवलं होतं.

रोव्हर्सची ताकद कुठे होती? एक, डॅक. दोन, कर्णधार चार्ली मलग्रू. सेंटर बॅक आणि लीगमध्ये १४ गोल! फ्री किक, पेनल्टी, कॉर्नरवर हेडर. डाव्या पायाचा असा बॅक त्या श्रेणीत असणं हा बाकीच्यांवर अन्यायच होता. तीन, डॅनी ग्रॅहम. पस्तिशीकडे झुकलेला, पळायचा कमी, पण चेंडू अंगावर धरून ठेवायचा आणि डॅकला वाट करून द्यायचा. चार, जानेवारीत न्यूकॅसलकडून उसना आणलेला अॅडम आर्मस्ट्राँग, त्याने वेग आणला. नंतर त्याला कायमचा घेतला आणि २०२१ मध्ये साउथहॅम्प्टनला दीड कोटी पौंडांना विकला.

आणि गोलपोस्टमध्ये एक स्पॅनिश पोरगा होता. डेव्हिड राया.

नवखा

आर्सेनलचा राया???

आकडेबहाद्दर

तोच. ब्लॅकबर्नच्या अकादमीतला. तिसऱ्या श्रेणीत एक अख्खा मोसम खेळला, २०१९ ला ब्रेंटफर्डला गेला, तिथून आर्सेनल. हा मुद्दा टाचेचा_पास यांच्या बाजूने धरा. चॅम्पियनशिपमध्ये तळाशी झगडणारा संघ विशी-बाविशीच्या गोलरक्षकाला सलग खेळवतो का? क्वचितच. तिथे अनुभवी माणूस शोधतात. बचावातला नायंबीही त्याच वर्षी पक्का झाला.

कोपऱ्यावरची_किक

रायाचा मुद्दा मान्य. पण औषधाच्या गोष्टी करण्याआधी त्याच लीगमधल्या इतरांचं काय झालं ते बघा.

ओल्डहॅम. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा त्यातला एक संघ. २०१७-१८ ला रोव्हर्सबरोबर लीग वनमध्ये होता, ऑक्टोबरात त्यांना १-० हरवलंही. त्याच मोसमात खाली गेला, आणि २०२२ मध्ये नॅशनल लीगमध्ये. एकेकाळी प्रीमियर लीग खेळलेला संघ लीगच्याच बाहेर जाण्याची ती पहिली वेळ.

बरी. तोही त्या वर्षी लीग वनमध्ये, शेवटचा आला. पुढच्या वर्षी परत बढती मिळवली, तुमच्या औषधाने. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाच्या गोंधळामुळे लीगमधून हाकलला. १८८५ चा क्लब.

विगन, त्या वर्षीचा विजेता. २०२० च्या जुलैत दिवाळखोरीच्या प्रशासनात, बारा गुण कापले, परत खाली.

सगळे ब्लॅकबर्नपासून तासाभराच्या अंतरातले. औषध सगळ्यांनी घेतलं, वाचला एकच.

टाचेचा_पास

किकभाऊ, ही यादी वाचून मी दोन वेळा उत्तर लिहून खोडलं. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत, बघा.

एकच का वाचला? कारण ओल्डहॅम, बरी, विगन या तिघांच्या मागे पैसे ओतणारा मालक एकतर नव्हता किंवा ऐनवेळी हात वर करून गेला. लीग वनमध्ये तेव्हा पगारावर मर्यादा होती, उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच. पण मालकाने भांडवल म्हणून घातलेला पैसा उत्पन्नात धरत. पुण्याने तो घातला. मे २०१७ मध्ये संघ पडल्यावर मोब्रे पुण्याला येऊन मालकांना भेटून गेला, त्यानंतर डॅक आला, आर्मस्ट्राँग आला, मलग्रू राहिला. सगळ्यात मोठी गोष्ट, प्रशिक्षक बदलला नाही. २०१२-१३ या एका मोसमात हेनिंग बर्गला ५७ दिवस आणि मायकल ॲपल्टनला ६७ दिवस दिलेले हेच मालक. मोब्रेला त्यांनी पाच वर्षं दिली. हे शहाणपण प्रीमियर लीगमध्ये असताना आलं नाही, तिसऱ्या श्रेणीत आल्यावर आलं. मी औषध म्हणतो ते मालकांसाठी.

कोपऱ्यावरची_किक

हे आधी लिहायचं ना! 'क्लबला लागू पडलं' आणि 'मालकांना लागू पडलं' यात फरक आहे. दुसरं मी निम्मं मान्य करतो. निम्मंच. सात वर्षं चुका करून आठव्या वर्षी एक गोष्ट बरोबर केली म्हणून हार घालायचा का?

गिरणगावकर

आणि पैसा घातला हे खरं असलं तरी तो सगळा तोट्यात जिरला. असा क्लब स्वतःच्या पायावर उभा नसतो. मालकाचं मन फिरलं की संपलं. बरीत तेच झालं.

मँचेस्टरची_मावशी

तुम्ही दोघं भांडा, मी डॉन्कास्टरची गोष्ट सांगते.

२४ एप्रिल २०१८, मंगळवारची रात्र, डॉन्कास्टरच्या मैदानावर. जिंकले की बढती. ऑगस्टात याच डॉन्कास्टरने घरात येऊन ३-१ हाणलं होतं. मी गेले नव्हते, दुसऱ्या दिवशी ऑफिस. स्वयंपाकघरात फोनवर कॉमेंट्री लावून पोळ्या लाटत होते. शून्य-शून्य, शून्य-शून्य, आणि मग मलग्रू! १-०. पोळी जळली, नवऱ्याने विचारलं काय झालं, म्हटलं तुझं युनायटेड आणि तू, खा आज भात.

शेवटच्या शनिवारी ऑक्सफर्डशी घरचा सामना. मी वर्षभर इतकी गर्दी त्या मैदानात पाहिली नव्हती. रिकाम्या खुर्च्या शोधाव्या लागत होत्या. सामन्यानंतर सगळे मैदानात. त्या आजोबांना तेव्हा सांगितलं, मी पुण्याची. ते म्हणाले, "मग परत गेलीस की त्यांना सांग, एकदा तरी येऊन बघा."

पेठेतला_पंच

मावशी, निरोप पोचवायचा तर अपॉइंटमेंट लागेल.

तालमीचा_गडी

मावशी, लई भारी लिवलंय. एक विचारू का, तिथं शेजारच्या गावाशी खुन्नस असती का आमच्या पेठांसारखी?

मँचेस्टरची_मावशी

असते का? बर्नलीचं नाव इवुडमध्ये काढायचं नाही! जेमतेम दहा-बारा मैलांवर. दोन्ही गावं गिरण्यांची, दोन्ही क्लब १८८८ च्या बारांतले.

आकडेबहाद्दर

आणि त्या वर्षाची खरी गंमत इथे आहे. ब्लॅकबर्न आणि बर्नली यांच्या मधे ॲक्रिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. २०१७-१८ मध्ये बर्नली प्रीमियर लीगमध्ये सातवा आला आणि युरोपा लीगला पात्र झाला. ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीतून वर गेला. आणि ॲक्रिंग्टन स्टॅन्लीने जॉन कोलमनच्या हाताखाली चक्क चौथी श्रेणी जिंकली. त्याच नावाच्या जुन्या क्लबने १९६२ मध्ये पैसे संपले म्हणून लीग अर्ध्यात सोडली, नव्याने उभ्या राहिलेल्या क्लबला लीगमध्ये यायला २००६ उजाडलं. ज्याच्या मैदानात जेमतेम पाचेक हजार माणसं मावतात. एका रेल्वेमार्गावरची तीन स्टेशनं, एकाच वर्षी तिघांची चांदी.

टाचेचा_पास

हे माहीत नव्हतं! आणि रोव्हर्सच्या माणसाला त्यातलं सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल? बर्नली युरोपात.

मँचेस्टरची_मावशी

अर्थात. बढतीच्या आनंदातही आजोबांनी तेवढं एक वाक्य टाकलंच.

नवखा

रात्री बसून त्या मोसमाचे गोल बघितले. डॅक खरंच और आहे. एक शंका: परत वर आल्यावर पुढे काय? प्रीमियर लीगला गेले की नाही?

आकडेबहाद्दर

नाही गेले. सगळ्यात जवळ आले ते २०२२-२३ मध्ये. मोब्रे २०२२ ला गेला, त्याच्या जागी डेन्मार्कचा टॉमासन. शेवटच्या दिवशी मिलवॉलच्या मैदानावर ३-१ मागे पडून ४-३ जिंकले. गुण ६९. प्ले-ऑफची शेवटची जागा मात्र संडरलंडला, त्यांचेही ६९. पुन्हा गोलफरक. आणि संडरलंडचा प्रशिक्षक कोण माहितीये? टोनी मोब्रे.

कोपऱ्यावरची_किक

हे मी लिहिणार होतो. ज्याने वर काढलं त्यानेच दारात अडवलं.

गोंयचो_गोली

मोब्रेची चूक नाही रे. ४६ सामन्यांत संडरलंडचा गोलफरक चांगला, बस्स. यांचा किती होता?

आकडेबहाद्दर

५२ केले, ५४ खाल्ले. उणे २.

अंडाकरी

२०१७ ला उणे १२, २०२३ ला उणे २. प्रगती आहे म्हणायची.

आणि ती तारीख ८ मे २०२३. वार कोणता ते ज्याने त्याने कॅलेंडरात बघावं, मी बोललो की अण्णा धाग्याला कुलूप लावतात.

ऑफसाईड_अण्णा

बघितलं. सोमवार. 🔒